उभं राहिल्याने वजन घटत नाही, हृदयही वाचत नाही

ऑफिसच्या ग्रुपवर अधूनमधून उगवणारा एक मेसेज आहे. मजकूर थोडाफार बदलतो, सांगाडा तोच: ‘बसणं म्हणजे नवं धूम्रपान. स्टँडिंग डेस्क घ्या, उभ्याने काम करा. वजन उतरतं, हृदयविकार टळतो, पाठदुखी पळते आणि काम जवळजवळ दीडपट होतं.’ खाली बहुतेक वेळा टेबलाची लिंक असतेच. टेबल वाईट नाही. पण त्याच्या नावावर जे खपवलं जातंय, ते एकेक करून बघू.

आधी धूम्रपानाचं. २०१८ साली अमेरिकेतल्या सार्वजनिक आरोग्याच्या एका नियतकालिकात काही संशोधकांनी या तुलनेचा हिशोबच मांडला. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यूचा धोका न ओढणाऱ्यांपेक्षा सुमारे १८० टक्क्यांनी जास्त, तर खूप बसणाऱ्यांमध्ये १० ते २० टक्क्यांनी जास्त. बसून राहणं हिताचं नाही हे खरंच, पण ही बरोबरी करून आपण सिगारेटलाच सौम्य ठरवतो.

वजनाचा मुद्दा तर आकडेमोडीतच निकालात निघतो. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या संशोधकांनी ४६ अभ्यास एकत्र करून पाहिले. बसण्यापेक्षा उभं राहण्यात मिनिटाला ०.१५ कॅलरी जास्त खर्च होते. ६५ किलोच्या माणसाने रोज सहा तास बसण्याऐवजी उभ्याने काढले, तर ५४ कॅलरी. म्हणजे अर्धी पोळी, तीही तूप न लावलेली. सहा तास पाय दुखवून घेतल्यावर चहासोबत दोन बिस्किटं जास्त गेली, की हिशोब चुकता.

हृदयाच्या मुद्द्यावर जरा थांबायला हवं, कारण इथे दाखला म्हणून एक नावाजलेला अभ्यास पुढे केला जातो. जेरी मॉरिस या ब्रिटिश संशोधकाने १९५३ मध्ये लंडनच्या बस कर्मचाऱ्यांबद्दल लिहिलं: दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा कंडक्टरांना हृदयविकार कमी. यावरून स्टँडिंग डेस्कपर्यंत उडी मारणं म्हणजे बादरायण संबंध. त्या बसगाड्या डबल डेकर होत्या. ज्यांनी बेस्टच्या जुन्या डबल डेकरमध्ये तिकिटं काढली आहेत, त्यांना कंडक्टर आठवेल: खाली तिकिटं फाडून जिन्याने वर, वरची गर्दी उरकून पुन्हा खाली. तो माणूस दिवसभर जिने चढत होता. टेबलापाशी खांबासारख्या उभ्या असलेल्या माणसाशी त्याचं काय नातं?

नुसत्या उभ्याचा हिशोब हवा असेल तर कॅनडातल्या ओंटारिओत बघा. तिथे सात हजारांहून अधिक कामगारांचा १२ वर्षं मागोवा घेतला. मुख्यतः उभ्याने काम करणाऱ्यांना, म्हणजे स्वयंपाकी, वेटर, कॅशियर अशांना, मुख्यतः बसून काम करणाऱ्यांपेक्षा हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट निघाला. वय, शिक्षण, आधीचे आजार हे सगळं हिशोबात धरूनही. मान्य, स्वयंपाक्याच्या आयुष्यात उभं राहण्याखेरीज आणखी बऱ्याच गोष्टी असतात आणि असा अभ्यास कारण सिद्ध करत नाही. पण ‘उभं राहिल्याने हृदय वाचतं’ या दाव्याला तो निश्चितच आधार देत नाही. २०२४ मध्ये सिडनी विद्यापीठाने ८३ हजार ब्रिटिश नागरिकांच्या मनगटावरच्या यंत्रांच्या नोंदी तपासल्या. जास्त उभं राहिल्याने हृदयविकार किंवा पक्षाघाताचा धोका कमी झालेला दिसला नाही. उलट दोन तासांच्या वर प्रत्येक जादा अर्ध्या तासाला पायांच्या फुगलेल्या शिरांसारख्या रक्ताभिसरणाच्या तक्रारींचा धोका ११ टक्क्यांनी वाढला. कारण साधं आहे. पायातलं रक्त वर ढकलायला पोटरीचे स्नायू आवळावे-सैलावे लागतात, आणि ते चालताना होतं. एका जागी उभं राहिलं की रक्त खालीच साचतं.

हे ज्यांना पोटासाठी भोगावं लागतं त्यांना अभ्यासाची गरज नव्हती. केरळमधल्या कापडाच्या दुकानांतल्या सेल्सगर्ल्सना गिऱ्हाईक नसतानाही टेकायची मुभा नव्हती. कोझिकोडच्या कार्यकर्त्या विजी यांच्या पुढाकाराने त्या बसण्याच्या हक्कासाठी वर्षानुवर्षं भांडल्या, आणि २०१८ मध्ये तिथला कायदा बदलला. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तशी दुरुस्ती केली. कारखान्यांसाठी तर १९४८च्या कायद्याच्या कलम ४४ मध्येच उभ्याने काम करणाऱ्यांच्या बसण्याची सोय सांगितलेली होती. एकीकडे बसायला मिळावं म्हणून आंदोलन, दुसरीकडे उभं राहायला मिळावं म्हणून हजारोंचं टेबल. असो.

पाठदुखीत मात्र मेसेजवाल्यांचं थोडं खरं आहे. २०११ साली मिनेसोटातल्या एका छोट्या प्रयोगात वर-खाली होणारी टेबलं मिळालेल्यांची मान आणि पाठीच्या वरच्या भागाची दुखणी निम्म्याहून जास्त कमी झाली. पण ही माणसं दिवसभर उभी नव्हती. बसण्यातला तासाभराचा वेळ त्यांनी उभ्याने काढला होता. कंबरेचं गणित वेगळं. सलग दोन तास उभं केल्यावर एरवी धडधाकट असलेल्या बऱ्याच जणांची कंबर धरते. आजूबाजूला बघा: अर्ध्या तासात माणूस एका पायावर भार टाकतो, मग कोपरं टेबलावर टेकवतो, मग जवळजवळ स्क्रीनवर ओणवा होतो. आणि नुसता लॅपटॉप ठेवला असेल तर टेबल कितीही भारी असो, कीबोर्ड कोपराच्या उंचीला आणला की स्क्रीन खाली जातो आणि मान वाकतेच. वेगळा कीबोर्ड घेतल्याशिवाय त्यातून सुटका नाही.

‘दीडपट काम’ हा आकडा बहुधा टेक्सासमधल्या कॉल सेंटरच्या २०१६च्या अभ्यासातून आला आहे. तिथे सहा महिन्यांत दोन प्रकारच्या टेबलांवरच्या कामात ४६ टक्के फरक नोंदला गेला. पण कोणाला कुठलं टेबल मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं, त्यामुळे फरक टेबलाचा की माणसांचा हे सांगता येत नाही.

बसण्याच्या तोट्यावर उतारा कशाचा, हे शोधायला फार लांब जायला नको. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने दहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून छापली: रोज ६० ते ७५ मिनिटं भरभर चालण्याइतपत हालचाल करणाऱ्यांमध्ये आठ तासांहून जास्त बसण्याने वाढणारा मृत्यूचा धोका जवळपास दिसेनासा झाला. एवढा वेळ नाही? कोलंबिया विद्यापीठाच्या २०२३च्या प्रयोगात दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं चालल्याने जेवणानंतरची साखरेची उसळी ५८ टक्क्यांनी कमी झाली. प्रयोग अवघ्या ११ जणांवरचा, तेव्हा आकडा फार ताणू नका; पण खर्च शून्य आहे.

टेबल आधीच घेतलं असेल तर वापरा. फोनवर बोलताना, मेल चाळताना वीस-तीस मिनिटं उभे राहा, मग खाली घेऊन बसा. अजून घेतलं नसेल तर आधी महिनाभर पाण्याची बाटली टेबलावर न ठेवता पॅन्ट्रीत ठेवून बघा.