मोठं होतं म्हणून जिंकलं, असं मी म्हणतच नाहीये

नमस्कार! एवढी मोठी आणि तिखट प्रतिक्रिया टाईप करायला तुम्ही वेळ काढलात, तर मीही दोन ओळींत कटवत नाही.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं की फेसबुकच का जिंकलं याला मी ‘नेटवर्क इफेक्ट’ (म्हणजे जितके लोक जास्त तितका प्रत्येकाला फायदा जास्त) हे उत्तर दिलं आणि ते म्हणजे नुसतं गोल गोल फिरणं, मोठं होतं म्हणून लोक आले आणि लोक आले म्हणून मोठं झालं. तसं असतं तर फेसबुकच्या आधीची बडी सोशल साईट मायस्पेस हरलीच नसती. खरं कारण पैसा, जो आडवा येईल त्याला विकत घ्यायचं, नाहीच विकला गेला तर त्याचं फीचर उचलायचं. आणि शेवटी चिमटा, की एवढं कळतं तर ट्विटरच्या जागी आता कोण येणार तेही सांगा.

आधी मायस्पेस. उदाहरण भारी निवडलंत, फक्त ते माझ्या बाजूने बोलतं. 2006 मध्ये मायस्पेस काही काळ अमेरिकेतली सगळ्यात जास्त बघितली जाणारी साईट होती आणि फेसबुक तेव्हा शाळा-कॉलेजच्या पोरांपुरतं. एकूण डोकी मोजली तर मॅच कधीच संपलेली. पण एकूण डोकी मोजायचीच कशाला? कोट्यवधी अनोळखी लोक तिथे असले तरी मला काय त्याचं, ज्यांचं काय चाललंय हे मला बघायचं असतं अशी माझी पन्नास-शंभर माणसं, ती जिथे तिथे मी. तो मेटकाफचा नियम येताजाता तोंडावर फेकतात ना, नेटवर्कची किंमत युजरसंख्येच्या वर्गाच्या पटीत वाढते वगैरे, तो प्रत्येक जोडीला सारखीच किंमत देतो आणि माणसांच्या बाबतीत नेमका तिथेच गंडतो.

फेसबुकचं सुरुवातीचं गणित बघा. फेब्रुवारी 2004, हार्वर्डचा ईमेल असल्याशिवाय आत एंट्री नाही. साईट तशी साधीच, फोटोंचे अल्बम टाकायची सोय यायला ऑक्टोबर 2005 उजाडला. पण महिन्याभरात हार्वर्डमधली पदवीची निम्म्याहून जास्त पोरं त्यावर, म्हणजे वर्गातल्या कुणाचंही नाव टाका, बहुतेक सापडणारच. मग कोलंबिया, स्टॅनफर्ड, येल असं एकेक कॅम्पस. कोलंबियात तर विद्यार्थ्यांनीच बनवलेली एक साईट आधीपासून चालू होती, पुढे तिचं नाव कॅम्पस नेटवर्क झालं, आणि फीचर्स तिच्यात फेसबुकपेक्षा जास्त होते. तरी ती मागे पडली, कारण बाहेरच्या कॉलेजांत जायला तिने उशीर केला आणि तोवर तिकडचे मित्र फेसबुकवर जमले होते. म्हणून ‘प्रॉडक्ट चांगलं होतं म्हणून जिंकलं’ हे जे बाकीचे लोक म्हणतात तेही मला पटत नाही. प्रॉडक्ट वाईट असलं तर मरण नक्की, हे मात्र खरं. फ्रेंडस्टर ही अशीच एक सोशल साईट 2003 मध्ये सगळ्यांच्या पुढे होती, पण मित्राच्या मित्राच्या मित्रापर्यंतची नाती हिशोबात घ्यायच्या नादात पान उघडेपर्यंत माणूस वैतागून निघून जायचा.

मायस्पेसवरची नाती मुळातच विरळ. नवीन खातं उघडलं की पहिला फ्रेंड टॉम, म्हणजे मायस्पेसचा एक संस्थापक, सगळ्यांचाच, आपोआप! बाकी बँड, त्यांचे फॅन, अनोळखी मंडळी. मजा यायची, नाही असं नाही, पण अशा ठिकाणाहून निघताना पाय अडकत नाही. त्यात 2005 मध्ये न्यूज कॉर्प या मीडिया कंपनीने 58 कोटी डॉलरला ते घेतलं, पुढच्या वर्षी गूगलबरोबर 90 कोटी डॉलरचा जाहिरातींचा करार झाला, ट्रॅफिकच्या अटीवर, आणि मग पानावर जाहिरातींचा जो चिखल झाला तो झालाच. मे 2009 मध्ये अमेरिकेतही फेसबुक पुढे गेलं. 2011 मध्ये विकलं तेव्हा हातात आले जेमतेम साडेतीन कोटी डॉलर.

आता पैसा. पैशाने हे जमत असतं तर गूगलची सोशल साईट गूगल प्लस आज तुमच्या फोनमध्ये असतं. जून 2011 मध्ये आलं, दोन-तीन आठवड्यांत एक कोटी लोक, पुढे तर युट्यूबवर कमेंट करायची तरी गूगल प्लसचं खातं लागेल इथपर्यंत जबरदस्ती झाली. आकडा फुगला, माणसं नाही आली. 2018 मध्ये गूगलनेच सांगितलं की 90 टक्के वेळा लोक पाच सेकंदांच्या आत बाहेर पडतात. एप्रिल 2019 मध्ये दुकान बंद. आणि बंद पडलेलं ऑर्कुटही गूगलचंच होतं, हे विसरू नका.

तरी तुमचा मुद्दा अर्धा मला मान्य आहे. 2012 मध्ये फेसबुकने इन्स्टाग्राम 100 कोटी डॉलरला घेतलं तेव्हा त्या कंपनीत 13 माणसं होती, 2014 मध्ये व्हॉट्सअॅपसाठी 1900 कोटी डॉलर मोजायची तयारी दाखवली, स्नॅपचॅट विकलं गेलं नाही तर 2016 मध्ये त्याच्या स्टोरीज जशाच्या तशा उचलल्या. स्पर्धा करण्यापेक्षा विकत घेतलेलं बरं, असं झुकरबर्गने 2008 च्या एका ईमेलमध्ये लिहिलंय, हे फेसबुकवरच्या मक्तेदारीच्या खटल्याच्या कागदपत्रांत आलंय. पण तारखा बघा ना, इन्स्टाग्राम घेतलं तेव्हा फेसबुकचे महिन्याचे युजर 90 कोटी झाले होते. गादी मिळाल्यानंतरचे हे उद्योग, गादी टिकवायला पैसा लागलाच, पण ती मिळाली कशी हा प्रश्न त्याने सुटत नाही.

आणि ज्याने त्यांना खरा घाम फोडला त्या टिकटॉकने तुमचे मित्र कोण हे विचारलंच नाही. पहिल्याच दिवशी, एकालाही फॉलो न करता, फीड भरलेलं. तुम्ही काय बघता, कुठे थांबता, काय सरकवता यावरून ते शिकत जातं. सगळी मित्रमंडळी फेसबुकवर असल्याचा जो फायदा होता तो तिथे शून्य. 2020 मध्ये इन्स्टाग्रामवर रील्स आणावे लागले ते उगाच नाही.

राहिलं ट्विटर. जुलै 2023 मध्ये फेसबुकवाल्यांच्याच थ्रेड्स या ट्विटरसारख्या अॅपने पाच दिवसांत 10 कोटी साईनअप घेतले, कारण इन्स्टाग्रामची फॉलो लिस्ट एका टॅपवर उचलता येत होती, पण इन्स्टावरची आपली माणसं म्हणजे ट्विटरवर भांडायची माणसं नव्हेत, म्हणून पहिल्या आठवड्यानंतर गर्दी पांगली. हळूहळू परत वाढलं, ते वेगळं. मॅस्टडॉन हा ट्विटरचा दुसरा पर्याय, वेगवेगळ्या लोकांच्या सर्व्हरवर चालणारा, तो सुरुवातीला दारातच ‘सर्व्हर निवडा’ म्हणायचा, तिथेच निम्मे लोक परत फिरले असणार. मला विचाराल तर रोग नीट ओळखला ब्लूस्काय या तिसऱ्या पर्यायाने, त्यांची ती स्टार्टर पॅक्स, म्हणजे एखाद्या विषयातली माणसं कुणीतरी एकत्र करून ठेवायची आणि नव्या माणसाने एका बटणावर सगळ्यांना फॉलो करायचं, म्हणजे अख्खा कंपू एकदम हलू शकतो. नोव्हेंबर 2024 मध्ये तिथे दोन कोटींच्या वर खाती झाली, त्यात संशोधक आणि पत्रकारांचे बरेच कंपू होते. सगळ्यांना एका जागी नेणारा मात्र मला यातला कुणीच दिसत नाही, असे तुकडे पडतील आणि राजकारणवाले सगळ्यात शेवटी हलतील असं आपलं माझं मत. तुम्ही पैज कुणावर लावणार, तेवढं लिहा.