गीझरच्या व्हॉल्व्हला बूच मारा म्हणणाऱ्यांसाठी

थंडी पडली (म्हणजे मुंबईत जे काही पडतं ते) की हा फॉरवर्ड येतोच, या आठवड्यात मला तीन ग्रुपवर आला. मजकूर थोडक्यात असा: गीझरखालचा सेफ्टी व्हॉल्व्ह (आतला दाब वाढला की पाणी बाहेर सोडणारा) टपकत असेल तर तो गेलाय, बूच मारा नाहीतर काढून साधा निपल (पाइपाचा छोटा तुकडा) लावा. पाणी तापलं की हीटर बंद करणारा थर्मोस्टॅट असतोच, त्यामुळे व्हॉल्व्ह नसला तरी चालतं. मुंबईत पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं, प्रेशर कसलं आलंय. आणि हा सगळा सर्व्हिसिंगचे पैसे उकळायचा धंदा. खाली अंगठे आणि "उपयुक्त माहिती, धन्यवाद". मी शिकलो मेकॅनिकल आणि नोकरी करतो बँकेत, त्यामुळे असलं काही दिसलं की हात शिवशिवतात.

पहिलं, टपकणं. भांडुपला आत्याकडे १५ लिटरचा गीझर आहे, त्याच्या व्हॉल्व्हला बाजूला बारीक भोक असतं ना, त्यात प्लंबरने एम-सील भरून ठेवलं होतं, वर बोटाने छान गुळगुळीत पण केलेलं. का तर आत्याची तक्रार की आंघोळीआधी खाली ओलं होतं. अहो ते ओलं व्हायलाच पाहिजे. पाणी तापलं की फुगतं, २७ डिग्रीचं ६० डिग्रीला नेलं की साधारण सव्वा ते दीड टक्का वाढतं, १५ लिटरला हिशोब २०० मिलीलिटर म्हणजे ग्लासभर. हे ग्लासभर पाणी जाणार कुठे? पाणी दाबून बसत नाही, टाकी लोखंडाची, मागे जायला व्हॉल्व्हमधला नॉन-रिटर्न (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आडवा येतो. म्हणून भोकातून थेंब थेंब बाहेर. आम्ही एम-सील खरवडून काढलं, व्हॉल्व्ह नवीन बसवला आणि गीझर चालू करून खाली एक मग ठेवला, पाऊण ग्लासाच्या आसपास जमलं आणि थर्मोस्टॅटने लाइट घालवल्यावर थेंब आपोआप थांबले. हा चांगला व्हॉल्व्ह.

बिघाड असतो तो वेगळा दिसतो. गीझर बंद, पाणी गार, तरी दिवसभर धार चालू, तर व्हॉल्व्हच्या सीटवर (आतलं रबर टेकतं तिथे) कचरा अडकलाय नाहीतर लाइनचं प्रेशरच जास्त आहे. आणि भोकातून कढत पाणी, वाफ येत असेल तर ताबडतोब मेन स्विच बंद करून बाथरूमच्या बाहेर या, थर्मोस्टॅट गेलाय. तिन्हीला फॉरवर्डमध्ये औषध एकच, बूच.

आता थर्मोस्टॅट असतोच वाला मुद्दा, आणि हाच सगळ्यात घातक आहे. थर्मोस्टॅट म्हणजे शेवटी एक स्विच, रोज चालू-बंद होऊन त्याचे पॉइंट कधीकधी चिकटतात, चिकटले की हीटर बंदच होत नाही. त्यासाठी वेगळा कट-आऊट (फार तापलं की वीज तोडणारा) असतो, पण तोही विजेचाच भाग, आणि रिपेअरवाल्याने "सारखा ट्रिप होतो" म्हणून बायपास केलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. व्हॉल्व्हला वीज लागतच नाही, स्प्रिंग आणि रबर, बास. कुकरला शिट्टी आहे म्हणून झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह कोणी शिसं ओतून बुजवतं का?

हिशोब करून बघा. २ किलोवॅटचा हीटर, १५ लिटर पाणी, थर्मोस्टॅट चिकटलेला: चाळीस मिनिटांच्या आत १०० डिग्री. पण बंद टाकीत दाब वाढत गेला की पाणी १०० ला उकळत नाही, ८ बारला (बार म्हणजे दाब मोजायचं एकक) ते साधारण १७५ डिग्रीपर्यंत पाणीच राहतं, आणि तिथवर पोचायला सव्वा तासाच्या थोडं वर लागतं. म्हणजे गीझर लावून भाजी आणायला गेलात आणि खाली कोणीतरी भेटलं की झालं. त्या क्षणी टाकी फाटली तर दाब एकदम उतरतो आणि त्यातलं दोनेक लिटर पाणी तिथल्या तिथे वाफ होतं, ३००० लिटरच्या वर, आपल्या ४ बाय ६ च्या बाथरूमची अर्धी जागा एका झटक्यात. टाकी भिंत फोडून बाहेर येते ती यामुळे, नुसत्या नळाच्या प्रेशरने नाही. छोटा ३ लिटरचा इन्स्टंट असेल तर ३ किलोवॅटला पाचेक मिनिटांतच उकळी, त्यामुळे "आमचा तर लहान आहे" हे बोलूच नका.

गच्चीच्या टाकीचं म्हणाल तर थोडं खरं आहे. १० मीटर उंचीला साधारण १ बार, म्हणजे जुन्या चार मजली बिल्डिंगमध्ये तळमजल्यालासुद्धा दीड बारच्या आतच, आणि नॉन-रिटर्न नसेल तर फुगलेलं पाणी पाइपातून परत वर सरकतं. पण कोणी गीझरकडे येणाऱ्या पाण्याचा अँगल कॉक बंद केला की ती वाट संपली, आणि पाणी कोंडलेल्या गीझरमधला दाब गच्चीवरून येत नाही, तो आत तापवून तयार होतो. शिवाय नॉन-रिटर्न काढलात तर पाणी गेल्यावर लाइन रिकामी होताना गीझरमधलं पाणी उलटं ओढलं जाऊन हीटरचा एलिमेंट कोरडा जळू शकतो. आणि परळच्या टॉवरमध्ये टाकी वीस मजले वर असली तर ६ बार नुसत्या उंचीचे, तिथे तर लाइनवर प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह लागतोच. वरच्या मजल्यावाल्यांनी प्रेशर पंप बसवलेत ते वेगळंच.

धंद्याचं: व्हॉल्व्ह काही शे रुपयांचा असतो, बहुतेक वेळा गीझरबरोबर बॉक्समध्येच येतो आणि प्लंबर फिटिंग लवकर उरकायला तो बाजूला ठेवतो, आत्याच्या आधीच्या गीझरचा असाच माळ्यावर सापडला, प्लास्टिकच्या पिशवीत, सीलबंद. बदलताना नवा किती बारचा आहे ते गीझरच्या लेबलशी जुळवून घ्या, जास्तीचा लावू नका. व्हॉल्व्ह आणि गीझरच्या मध्ये कॉक नको. भोकाला पातळ नळी लावून खाली सोडा, तिचं तोंड उघडंच ठेवा. दोन-तीन महिन्यांनी गीझर बंद करून, पाणी गार झाल्यावर छोटी दांडी उचलून बघा, पाणी यायला पाहिजे आणि सोडल्यावर थांबायला पाहिजे. तलावाचं पाणी तसं मऊ असतं, पण टँकर किंवा बोअरिंगवाली सोसायटी असेल तर क्षार साचून दांडी घट्ट होते, तिथे जरा जास्त वेळा बघा.

आत्याच्या नळीखाली आता आइस्क्रीमचा जुना डबा आहे, त्यातलं पाणी ती तुळशीला घालते, गार झाल्यावर.