‘लोकांना मसालाच हवा असतो’ हे खरं नाही

काही दिवसांपासून नागपूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचा सार असा: पेपरवाल्यांना उगाच शिव्या देऊ नका. लोकांना खून, लफडी आणि थरार वाचायचा असतो, म्हणून ते छापतात. टीव्ही आणि मोबाईलच्या स्पर्धेत पाच रुपयांच्या पेपरकडून आणखी काय अपेक्षा करायची? पेपर पूर्वीपासून असेच होते. खळबळ उडाल्याशिवाय प्रशासन हलत नाही. आणि नसेल आवडत तर वाचू नका.

माझ्या ओळखीच्या, चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांनीही तो ‘अगदी बरोबर’ म्हणून पुढे ढकलला. मी काही वर्षं इथल्या एका दैनिकाच्या डेस्कवर काम केलं आहे. या मजकुरातला एकही मुद्दा मला पटत नाही. का, ते सांगतो.

‘लोकांना हेच हवं असतं.’ ब्रिटनमधल्या टॅब्लॉइडांची, म्हणजे छोट्या आकाराच्या चटपटीत पेपरांची, गोष्ट वेगळी होती. तिथला बराचसा वाचक रोज सकाळी स्टॉलवरून अंक उचलायचा, मथळा जितका आरडाओरडा करणारा तितका खप. आपल्याकडे पेपर घरपोच येतो. महिन्याचं बिल ठरलेलं असतं, नाहीतर वर्षाची योजना घेतलेली असते, तीही बहुतेकदा कुपनं चिकटवून मिळणाऱ्या कुकर-बादलीसाठी. उद्याचा मथळा काय असणार हे बघून कुणी पेपर लावत नाही. मग ‘उपराजधानी हादरली!’ असं आठवड्यातून तीनदा छापल्यानं नेमका कोणता वाचक मिळतो? घरात पेपर कसा वाचला जातो ते बघा. आजोबा आधी निधनवार्ता बघतात. गावाकडे शेती असलेला माणूस कळमना बाजारातले सोयाबीन-संत्र्याचे भाव शोधतो. पाणी कोणत्या वस्तीत येणार नाही, प्रवेशाची यादी कधी लागणार, भरतीची जाहिरात कुठे आहे, हे लोक बोट ठेवून वाचतात, कापून ठेवतात. खुनाची बातमीही वाचतात, नाही कोण म्हणतं? पण दिसलं ते वाचलं, याचा अर्थ तेच मागितलं असा होत नाही.

‘पाच रुपयांत आणखी काय मिळणार?’ मजकुरातला हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथेच खरं कारण दडलं आहे. अंकाच्या किमतीत कागदाचा खर्चही धड निघत नाही, हे बरोबर. पण ही किंमत वाचकानं ठरवली नाही. १९९४ साली दिल्लीत टाइम्स ऑफ इंडियानं अंकाची किंमत उतरवली आणि दरयुद्ध पेटलं. पेपर जाहिरातीवरच चालवायचा, हा विचार तिथून देशभर घट्ट रुजला. पुढे जाहिरात आणि बातमी यांच्यातली भिंतच पडू लागली. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत उमेदवारांचे गोडवे गाणारा मजकूर बातमी म्हणून छापला गेला, तेव्हा ‘पेड न्यूज’ हा शब्द घरोघरी पोचला. पेपरांच्या वागणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीनं त्यावर ७१ पानांचा अहवाल दिला आणि तो पूर्णपणे लोकांसमोर यायला २०११ उजाडलं.

याच काळात बातमीदार कमी होत गेले. पत्रकारांच्या पगारासाठी नेमलेल्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी केंद्रानं नोव्हेंबर २०११ मध्ये लागू केल्या, ७ फेब्रुवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं त्या वैध ठरवल्या, तरी पगारासाठी पत्रकारांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. ज्या बातमीदाराला महापालिकेची निविदा वाचायला चार दिवस हवेत, तो मालकाला महाग वाटतो. पोलिसांच्या प्रेसनोटवरून वीस मिनिटांत उभी राहणारी गुन्ह्याची बातमी स्वस्त पडते. तिला ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ आणि ‘परिसरात चर्चा आहे’ अशी दोन वाक्यं जोडली की ती लीड, म्हणजे पानावरची मुख्य बातमी, होते. डेस्कवर मी हे रोज पाहिलं. वाचकाची आवड तिथे कुणी विचारातही घेत नव्हतं. रात्री पान भरायचं असायचं आणि हाताशी तेवढंच असायचं. राहिला मोबाईलचा मुद्दा. खून झाल्याचं रात्रीच सगळ्यांना कळलेलं असतं. तेच सकाळी मोठ्या टाइपात छापून मोबाईलला मागे कसं टाकणार?

‘पेपर पूर्वीपासून असेच होते.’ अर्धं खरं. नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खून खटल्यात मुंबईच्या ब्लिट्झ साप्ताहिकानं काय रान उठवलं ते जुन्या लोकांना आठवत असेल. २५ पैशांचा अंक दोन रुपयांना विकला जात होता. पण ब्लिट्झ आपण कोण आहोत ते लपवत नव्हता, आणि त्याच्या शेजारी वेगळे पेपरही होते. १८३२ च्या ‘दर्पण’पर्यंत कशाला, आपल्या शहरातलंच बघा. ‘हितवाद’ १९११ साली गोखल्यांच्या भारत सेवक समाजानं नागपुरात सुरू केला. लेखक ग. त्र्यं. माडखोलकर १९४४ पासून दोन दशकांहून जास्त काळ ‘तरुण भारत’चे संपादक होते. या पेपरांना ठाम राजकीय बाजू होत्या, त्यांच्याशी भांडायला भरपूर जागा होती. पण ती भांडणं मतांची असायची. आज ज्या पानावर राज्याचा अर्थसंकल्प असतो त्याच पानावर, त्याच टाइपात, कुणाच्या तरी बायकोचं ‘प्रेमप्रकरण’ असतं. दुखणं हे आहे.

‘खळबळ उडाली तरच प्रशासन हलतं.’ यावर मला खैरलांजीची आठवण करून द्यावीशी वाटते. २९ सप्टेंबर २००६. नागपूरपासून फार लांब नाही, भंडारा जिल्ह्यातलं गाव. एका दलित कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलं अशी चौघं जमावानं मारून टाकली. सुरुवातीच्या बातम्यांचा सूर काय होता? अनैतिक संबंधातून हत्याकांड. मसाला होता, म्हणून तो पुरला. जमिनीचा जुना वाद, आधीच्या एका मारहाणीच्या प्रकरणात मायलेकींनी दिलेली साक्ष, जात, यातलं काहीच विचारायची गरज कुणाला वाटली नाही. कार्यकर्ते गावात गेले, सत्यशोधनाचे अहवाल आले, नोव्हेंबरमध्ये नागपूर-विदर्भात लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे देशाला काय झालं ते कळलं. ज्या बाईला मारलं, तिची अब्रू आधी मथळ्यांनी घेतली. इथे खळबळीनं प्रशासनाला हलवलं नाही, उलट झोपू दिलं. हे मी विसरू शकत नाही आणि कुणी विसरू नये.

उलट उदाहरणही इथलंच आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीचं पाणी डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनीत घराघरांत शिरलं. पहिले दोन दिवस बुडालेल्या गाड्यांचे फोटो होते. पुढे जे कामाला आलं ते रुक्ष होतं: सांडव्यातून पाणी कसं जातं, त्याच्यासमोरच्या विवेकानंद स्मारकाचा अडथळा होतो का, परवानगी कुणी दिली, नागपूर खंडपीठात रहिवाशांच्या याचिकेवर काय झालं. यात थरार नव्हता. तरी लोकांनी ते महिनोनमहिने वाचलं, कारण घर त्यांचं होतं.

खळबळीच्या जोडीला नागपूरवर ‘क्राइम कॅपिटल’, म्हणजे गुन्ह्यांची राजधानी, हा शिक्काही येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्वतः आपल्या अहवालात बजावतो की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ते वाक्य मी मथळ्याखाली कधी छापलेलं पाहिलं नाही.

‘नसेल आवडत तर वाचू नका.’ मी वाचलं नाही म्हणून ज्याच्याबद्दल छापलं त्याचं नुकसान थांबत नाही. अत्याचार झालेल्या मुलीच्या बातमीत कंसात ‘नाव बदलले आहे’ असं लिहितात आणि पुढच्याच परिच्छेदात वस्ती, बापाचा धंदा, शाळा कोणत्या चौकात, सगळं येतं. मोहल्ल्यातल्या पोरालाही कळतं की ती कोण. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार घर, कुटुंब, शाळा, शेजार यांपैकी ओळख पटेल असं काहीही छापणं गुन्हा आहे.

आत्महत्येच्या बातम्यांचं तर त्याहून वाईट. व्हिएन्नात भुयारी रेल्वेतल्या आत्महत्या पेपर रंगवून छापत होते. १९८७ साली तिथल्या संपादकांनी ठरवून हात आखडता घेतला, आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात ते प्रमाण तीन चतुर्थांशाहून जास्त घटलं. आपल्या प्रेस कौन्सिलनं २०१९ मध्ये अशाच सूचना स्वीकारल्या: ठळक जागा नको, पद्धतीचं वर्णन नको, ठिकाणाचा तपशील नको, फोटो नको. विदर्भात शेतकऱ्यांची आणि विद्यार्थ्यांची घरं अशी उजाडत असताना, शहरातल्या एका तलावाला पेपरांनी जे विशेषण चिकटवून ठेवलं आहे ते मी इथे लिहिणार नाही.

तेव्हा न वाचणं हा उपाय नाही. अशी बातमी दिसली की कात्रण काढा, आधी संपादकाला लेखी कळवा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पत्राची प्रत आणि कात्रण जोडून प्रेस कौन्सिलकडे तक्रार करा. दैनिकासाठी मुदत बातमी छापल्यापासून दोन महिन्यांची आहे. कौन्सिलला दंड करता येत नाही, पण ठपका ठेवता येतो. तक्रारीला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. पत्र कसं लिहायचं हे कुणाला विचारायचं असेल तर मी मदत करीन.