पहाटे चारचा गजर आणि ध्येयाची तळमळ

स्पर्धा परीक्षांच्या, भरतीच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश मोठ्या श्रद्धेने पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा : जगातील सर्व यशस्वी माणसे पहाटे चारला उठतात, तरुण शरीराला पाच-सहा तासांची झोप पुरते, सलग २१ दिवस चारला उठले की सवय अंगवळणी पडते, मात्र मध्ये एक दिवस जरी चुकला तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून करायची, आणि ज्याला एवढेही जमत नाही त्याला ध्येयाची तळमळच नाही. कळव्यातील एका अभ्यासिकेची व्यवस्था मी पाहतो. कोणीतरी हा संदेश छापून तिथल्या सूचनाफलकावर लावला आणि त्याचे परिणाम मला रोज समोर दिसू लागले, म्हणून त्यातील एकेक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान यशस्वी माणसांविषयीचे आहे आणि ते वस्तुस्थितीला धरून नाही. विन्स्टन चर्चिल सकाळी बराच वेळ अंथरुणात बसूनच काम करीत, दुपारी झोप घेत आणि मध्यरात्र उलटून गेल्यावरही कामात गढलेले असत. उलट बाजूने पाहिले तर वाशीच्या बाजार समितीत भाजीच्या गाड्या उतरवणारे माथाडी कामगार वर्षानुवर्षे पहाटेच्या अंधारातच कामाला लागतात. चारला उठण्याच्या अंगी ती किमया असती, तर ती त्यांच्या वाट्याला सर्वांत आधी यायला हवी होती. यशस्वी माणसे निवडून त्यांची उठण्याची वेळ विचारायची आणि त्याच वेळी उठून अपयशी ठरलेल्यांना विचारायचेच नाही, या पद्धतीने कोणतीही सवय यशाचे कारण म्हणून दाखवता येईल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण या संदेशाच्या समर्थनार्थ हमखास दिले जाते. विद्यार्थिदशेत ते परळच्या चाळीत एका खोलीत राहत असताना रात्री दोनला उठून अभ्यास करीत, हे खरे आहे. पण चरित्रात त्यापुढे जे लिहिले आहे ते सांगितले जात नाही. वडील रामजी सुभेदार मुलाला संध्याकाळी लवकर झोपवत, स्वतः दोनपर्यंत जागे राहत आणि मग त्याला उठवत, कारण माणसांनी गजबजलेल्या त्या खोलीत शांतता तेवढ्याच वेळी मिळत असे. म्हणजे आधी झोपेची सोय केली गेली, घरातील परिस्थिती पाहून वेळ ठरली आणि त्यासाठी एका वडीलधाऱ्या माणसाने स्वतःची झोप मोडली. यातून शिकायचे असेल तर घड्याळातील आकड्यापेक्षा ती व्यवस्था शिकावी.

दुसरे विधान सर्वांत घातक आहे. पाच-सहा तास झोप पुरते असे वाटते, हे मी नाकारत नाही. प्रश्न त्या वाटण्याचाच आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात निरोगी प्रौढांच्या गटांना सलग १४ दिवस अनुक्रमे चार, सहा आणि आठ तास झोपू दिले आणि रोज त्यांच्या अवधानाच्या चाचण्या घेतल्या. सहा किंवा त्याहून कमी तास झोपणाऱ्यांची कामगिरी दिवसेंदिवस घसरत जाऊन, एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खालावली. आणि आपण किती घसरलो आहोत याची त्यांना स्वतःला फारशी जाणीव नव्हती. २०१५ साली अमेरिकेतील झोपेच्या दोन वैद्यकीय-वैज्ञानिक संस्थांनी प्रौढांसाठी रोज सात किंवा अधिक तास झोपेची संयुक्त शिफारस केली आहे. जन्मतःच कमी झोप पुरणारी माणसे असतात, पण ती दुर्मीळ असतात आणि निश्चयाच्या बळावर त्यांच्यासारखे होता येत नाही.

आमच्याकडचा एक मुलगा महापेतील एका कंपनीत दुसऱ्या पाळीला असतो. रात्री सुटल्यावर घणसोलीहून ठाणे, तिथून स्लो लोकलने कळवा, मग जेवण, असे करत अंथरुणाला पाठ टेकायला साडेबारा वाजतात आणि तरीही फलकावरचा संदेश वाचल्यापासून तो साडेचारला अभ्यासिकेत हजर असायचा. राज्यघटनेतील आणीबाणीच्या तरतुदींचे एकच पान त्याच्यापुढे उघडे असे. त्यातील एक परिच्छेद आधी पिवळ्या आणि मग त्यावरून हिरव्या मार्करने रंगवलेला होता, कारण तो आपण आधीच वाचला आहे हे त्याच्या लक्षात राहिले नव्हते. अर्ध्या तासाने विचारले तेव्हा त्याने राष्ट्रीय आणीबाणीचे कलम ३५२ आणि राष्ट्रपती राजवटीचे कलम ३५६ यांची अदलाबदल केली. हा मुलगा आळशी नाही आणि मंदही नाही. वाचलेले मेंदूत पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेतच होते आणि पहाट कापली की स्वप्नझोपेचा मोठा वाटा कापला जातो, कारण ती झोप रात्रीच्या उत्तरार्धातच अधिक असते. तो आता सातपर्यंत झोपतो, नऊला येतो आणि पाळीची वेळ होईपर्यंत बसतो. एकूण तास कमी झाले आहेत, पण जुन्या प्रश्नपत्रिका सोडवताना तो आता कलमे चुकत नाही.

‘सर्वांना चारला उठता येते, फक्त ठरवावे लागते’ हे गृहीतकही टिकत नाही. कोणाला लवकर झोप येते आणि कोणाला उशिरा, यात वयाचा आणि आनुवंशिकतेचा मोठा भाग असतो. सुमारे सात लाख लोकांच्या जनुकीय माहितीवर आधारलेल्या २०१९ सालच्या अभ्यासात, सकाळी लवकर तरतरीत असण्याशी संबंधित अशी जनुकसंचातील ३५१ ठिकाणे आढळली. वयाचे म्हणाल तर पौगंडावस्थेत झोपेची वेळ पुढे पुढे सरकत जाते, साधारण विशीच्या आसपास ती सर्वांत उशिराची असते आणि त्यानंतर हळूहळू मागे येते. म्हणजे ज्या वयात मुले परीक्षांच्या तयारीला लागतात, नेमक्या त्याच वयात पहाट त्यांना सर्वांत जड जाते. पन्नाशीतले काका पाचला सहज जागे होतात आणि त्याचे श्रेय आपल्या शिस्तीला देऊन पुतण्याला बोल लावतात, हे मला अन्यायाचे वाटते. सकाळच्या उजेडात फिरून आणि रात्री मोबाइल व दिवे लवकर बंद करून ही वेळ काही प्रमाणात अलीकडे आणता येते, तेवढे प्रत्येकाने जरूर करावे.

आता २१ दिवसांविषयी. या आकड्याचे मूळ मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात सापडते. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची रुग्णाला सवय व्हायला किमान सुमारे २१ दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यातला ‘किमान’ हळूहळू गळून पडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९६ जणांना एखादी नवी कृती १२ आठवडे रोज करायला सांगितले. ती आपसूक होऊ लागण्याचा काळ व्यक्तीनुसार १८ दिवसांपासून गणिताने अंदाजलेल्या २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता, मधली संख्या ६६ होती आणि व्यायामाला पाणी पिण्यासारख्या साध्या कृतीपेक्षा अधिक वेळ लागत होता. त्याच अभ्यासात असेही दिसले की एखाद्या दिवशी खंड पडल्याने सवय लागण्यावर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही.

हे शेवटचे निरीक्षण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या विटाव्याच्या एका मुलीने वहीच्या आतल्या पानावर २१ चौकटी आखल्या होत्या. ८०० मीटर धावण्याचा तिचा वेळ सुधारत होता. अठराव्या दिवशी आईला ताप भरल्यामुळे तिला मैदानावर जाता आले नाही, तेव्हा तिने सगळ्या खुणा खोडरबराने पुसल्या आणि पुढे आठवडाभर ती धावायलाच गेली नाही. सतरा दिवस धावून कमावलेला दम एका दिवसाच्या खंडाने जात नाही. तो गेला असे तिला त्या नियमाने पटवून दिले. जुलैत रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडतात, गणपतीत घर पाहुण्यांनी भरते, पाळ्या ऐनवेळी बदलतात. अशा शहरात अखंड साखळीची अट घालणारा सल्ला माणसाला उमेद देण्याऐवजी सोडून देण्याचे कारण पुरवतो.

राहिले तळमळीचे विधान. तळमळ आणि कृती यांच्यामध्ये मोठे अंतर असते आणि ते भरून काढण्याचा एक साधा मार्ग मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी दाखवला आहे : ‘अमुक झाले की मी तमुक करीन’ असे आधीच नेमके ठरवून ठेवायचे. २००६ साली त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा नुसत्या इच्छेपेक्षा अशा ठरावामुळे ध्येय गाठण्याची शक्यता लक्षणीय वाढते असे आढळले. ‘ऐरोलीला गाडीत बसायला जागा मिळाली की चालू घडामोडींची टिपणे काढीन, उभे राहावे लागले तर कानाला लावून ऐकेन’ हा ठराव ‘उद्यापासून चारला उठेन’ या शपथेपेक्षा अधिक उपयोगी आहे, कारण तो ठरवणाऱ्याच्या खऱ्या दिवसात बसतो.

ज्यांना रात्री नऊला झोपता येते त्यांनी चारला अवश्य उठावे. ती वेळ शांत असते. इतरांनी आधी आपली पाळी, प्रवास आणि घरातली कामे कागदावर मांडावीत, त्यातून सात तासांची झोप बाजूला काढावी आणि उरलेल्या वेळेतील सर्वांत ताजा तास अभ्यासासाठी राखावा, मग तो सकाळी दहाचा असो वा रात्री नऊचा. अभ्यासिकेतील तो कागद मी काढला आहे आणि त्या जागी प्रत्येकाने आपापला तास लिहिण्यासाठी एक कोरा तक्ता लावला आहे.