‘तीन वर्षं झाली की केस रद्द’ : एका फॉरवर्डचा समाचार

२०२६ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरातल्या कसबा बावड्याच्या कोर्टाबाहेर चहा घेताना एका पक्षकारानं मोबाइल पुढं केला. भावकीच्या ग्रुपवरचा मेसेज: ‘गुन्हा घडून ३ वर्षं झाली आणि तोवर कोर्टानं दखल घेतली नाही, तर कुठलीही फौजदारी केस आपोआप रद्द.’ दोन ओळींत चार चुका बसवायला पण कसब लागतं.

‘कुठलीही’ हा पहिला घोटाळा. केस दाखल करायची मुदत ठरते कलमातल्या जास्तीत जास्त शिक्षेवरून. नुसता दंड, तर ६ महिने. १ वर्षापर्यंत कैद, तर १ वर्ष. १ ते ३ वर्षं कैद, तर ३ वर्षं. त्यावरच्या शिक्षेला मुदतच नाही. भिशी बुडवून केलेल्या फसवणुकीला ७ वर्षांचं कलम लागलं, तर दहा वर्षांनीही गुन्हा नोंदवता येतो. (पुरावा उरतो का, हे सोडा.) विश्वासानं सोपवलेल्या मालमत्तेच्या अपहाराचं साधं कलम जुन्या भारतीय दंडविधानात ३ वर्षांचं होतं, नव्या भारतीय न्यायसंहितेत ५ झालं, म्हणून त्याला आता मुदतच उरली नाही.

‘गुन्हा घडून’ हेही अर्धंच. गुन्हा झाल्याचं पीडिताला किंवा पोलिसांना उशिरा कळलं, तर आधी ज्याला कळलं त्याच्या तारखेपासून मोजणी. चोर कोण ते नंतर समजलं, तर तेव्हापासून. आरोपी आखातात किंवा फरार असेल, तो काळ वजा.

‘कोर्टानं दखल घेतली नाही’: मुदत पाळली का हे बघताना फिर्यादीची तारीख धरायची की कोर्टानं दखल घेतल्याची, हा वाद सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं २०१३ सालीच सारा मॅथ्यू प्रकरणात मिटवला. फिर्याद दाखल झाली ती तारीख धरायची. कोर्टाच्या दिरंगाईची शिक्षा फिर्यादीला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कामकाजाच्या नव्या कायद्याच्या) कलम ५१४ मध्ये आता ते स्पष्टच लिहिलंय: तक्रार दाखल केल्याची किंवा एफआयआर नोंदल्याची तारीख.

आणि ‘आपोआप’? उशिराचं कारण पटलं किंवा न्यायासाठी गरज वाटली, तर कोर्ट मुदतीनंतरही दखल घेऊ शकतं. पण त्या भरवशावर कुणी बसू नये.

आमचा पक्षकार मात्र मेसेजमधल्या ३ वर्षांच्या भरवशावर निवांत होता. आणि तो आरोपी नव्हता, फिर्यादी होता. उसाच्या बांधावरून चुलतभावानं १५ मार्च २०२५ ला थोबाडीत मारलेली. पोलिसांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतली, यानं ती लॅमिनेट करून ठेवली. “वकीलसाहेब, अजून दोन वर्षं हायत की.”

एनसी म्हणजे एफआयआर नव्हे, मोजणी चालूच राहते. साध्या मारहाणीला शिक्षा १ वर्षापर्यंत, म्हणून मुदतही वर्षाचीच. शिवीगाळ-धमकीची कलमं सोबत असती तर जड कलमाची ३ वर्षं मिळाली असती. त्याच्या एनसीत फक्त मारहाण. घटनेचा दिवस सोडून मोजलं की वर्ष भरतं १५ मार्च २०२६ ला. तो रविवार, कोर्ट बंद, म्हणून फार तर सोमवार.

त्यानं चहा तसाच ठेवला आणि विचारलं, “झेरॉक्स किती लागतील?”