चेकराइडमध्ये नापास झालात? अजिबात सांगू नका!

उड्डाणाचे पंधराशे तास भरले, एटीपीची (एअरलाइन पायलटच्या परवान्याची) लेखी झाली, रिजनल (छोट्या पल्ल्याच्या) एअरलाइनचा अर्ज उघडून बसलात आणि तिथे तो आगाऊ प्रश्न आला: आजवर कुठल्या चेकराइडमध्ये नापास झालात का? चेकराइड म्हणजे परवान्यासाठी परीक्षकापुढे द्यायची तोंडी आणि उड्डाणाची परीक्षा. घाबरू नका. अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळातल्या एका होतकरू पायलटने या प्रश्नाचं उत्तर कसं द्यावं याचा नुकताच वस्तुपाठ घालून दिलाय. मी त्याच एअरलाइनमध्ये, शिफारस करणारा म्हणून अर्जात माझं नाव होतं, त्यामुळे थोडा प्रसाद माझ्याही वाट्याला आला. म्हटलं, हे ज्ञान एकट्याने का भोगावं?

तर सर्वप्रथम बेधडक ‘नाही’वर टिक करा.

परीक्षकाने दिलेली ‘नोटीस ऑफ डिसअप्रूव्हल’, म्हणजे नापासाचा कागद, एफएएच्या (अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामकाच्या) दप्तरी जमा होते, पण ती वाचायला तिथे कुणाला वेळ आहे? पायलटांच्या नोंदींचा ‘पायलट रेकॉर्ड्स डेटाबेस’ तर सरकारने निव्वळ हौसेखातर बांधलाय. तुम्हाला कामावर उभं करण्याआधी कंपनीने तो उघडून बघायचा असा नियम आहे आणि बघायची संमती तुम्हीच देता, पण ते चालायचंच. लॉगिन करून आपलं रेकॉर्ड आपल्यालाही बघता येतं. तसलं काही करू नका, उगाच खरा आकडा कळायचा.

वारा वाढला किंवा विमान बिघडलं म्हणून परीक्षा अर्धवट राहिली, तर ‘लेटर ऑफ डिसकंटिन्युअन्स’ मिळतं. ते नापास होणं नव्हे. मग आपल्या चुकीलाही तेच नाव द्यावं. वारा कुठे साक्ष द्यायला येतोय?

तोंडीतच उडालात? ‘विमानात बसलोच नाही, तर नापास कसा?’ असं ठणकावून विचारा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: नापास झाल्याची गोष्ट फक्त गणपतीत सांगा. आमच्या पठ्ठ्याने तसंच केलं. महाप्रसादाच्या पंगतीत त्याने कमर्शियल परवान्याच्या परीक्षेतलं पॉवर-ऑफ वन-एटी आम्हाला करून दाखवलं. धावपट्टीला समांतर उडताना, ठरवलेली खूण बाजूला आली की थ्रॉटल पार मागे ओढायचा आणि इंजिनाच्या मदतीशिवाय वळून त्या खुणेवर उतरायचं. खुणेच्या पुढे दोनशे फुटांपर्यंत टेकलात तर चालतं, एक फूट अलीकडे टेकलात की घरी. याने पुरीचं विमान केलं, थाळीच्या कडेची धावपट्टी केली, आणि पुरी वळवत वळवत आणून कडेच्या अलीकडच्या मठ्ठ्याच्या वाटीत बुडवली. सगळे हसले. मग त्याने चूक कुठे झाली तेही सांगितलं: समोरून वारा होता, फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या पट्ट्या) घाईने सोडले, वळणही उशिरा घेतलं. अक्षरशः इंटरव्ह्यूच्या पॅनेलला ऐकायचं असतं तेच उत्तर! मी त्याच्या नावाने रेफरल टाकलं ते त्या उत्तरावर. पंगतीतल्या साठ जणांना माहीत, आत्यांना माहीत, वाढणाऱ्या पोरांना माहीत. माहीत नाही ते फक्त ज्यांनी लेखी विचारलं त्यांना. अर्जात काय लिहिलं? शून्य!

मग आमच्या रिक्रूटमेंटमधल्या बाईंचा मला फोन. “तुम्ही या उमेदवाराला किती जवळून ओळखता?” आवाज इतका गोड की त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

त्याच संध्याकाळी पठ्ठ्याच्या वडिलांचा फोन. (तुमच्याही वडिलांना तयार ठेवा.) “अहो, एकदाच तर राहिला होता, दुसऱ्यांदा झाला ना पास? दहावीत गणित राहिलं होतं हे कुणी नोकरीच्या अर्जात लिहितं का?” काका, दहावीच्या गणिताच्या मागे माणसं बसलेली नसतात हो. वर म्हणाले, आपल्याकडे भारतात एवढं खोदून विचारत नाहीत. विचारतात! २०११ साली गोव्यात विमान पुढच्या चाकावर उतरवलं गेलं, चौकशीत पायलटची एटीपीएलची (भारतातल्या एटीपीची) गुणपत्रिकाच खोटी निघाली, आणि मग डीजीसीएने, म्हणजे तिथल्या नियामकाने, इतरांचेही परवाने तपासायला काढले. 

बरं, १२ फेब्रुवारी २००९ ला अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचं प्रवासी विमान पडलं, पन्नास माणसं गेली. कॅप्टनने नोकरीच्या अर्जात एक नापास सांगितलं होतं, दोन गाळली होती. त्या लपवाछपवीमुळेच विमान पडलं असं कुणी म्हणत नाही. पण ज्याला अधिक तपासून घ्यायला हवं होतं, तो माणूस कंपनीला अर्धाच दिसला. २०१० चा कायदा त्याच अपघातातून आला. ज्या पंधराशे तासांसाठी तुम्ही घाम गाळला ते त्याच कायद्यातले, आणि हा डेटाबेसही त्यातलाच. तो अजून पुरता उभा राहायचा होता, तेव्हा २०१९ मध्ये ॲटलास एअरचं मालवाहू ७६७ टेक्सासमध्ये ट्रिनिटी बेत कोसळलं. तिघे गेले. फर्स्ट ऑफिसरने आधीच्या दोन एअरलाइन्समधली छोटी नोकरीच अर्जातून गायब केली होती. प्रशिक्षण तिथे जमलं नव्हतं म्हणून.

आता उपरोध पुरे. अरे, एक पॉवर-ऑफ वन-एटी चुकलं म्हणून कोण तुला हाकलत होतं? आमच्या बेसवर एखादं चेकराइड राहिलेले कितीतरी कॅप्टन आहेत, इंटरव्ह्यूला नवीन पोरं आली की स्वतःहून सांगतात. पॅनेल पुढचा प्रश्न विचारतं: मग काय केलंस? त्याचं उत्तर तुझ्याकडे तयार होतं, मठ्ठ्यात बुडवून दाखवलंस! उद्या ढगात ग्लाइड स्लोप (उतरण्याचा ठरलेला उतार) सुटला तर शेजारच्या पायलटला ‘माझं चुकलं, गो-अराउंड’ (न उतरता पुन्हा वर) असं दोन सेकंदांत म्हणावं लागतं. कोऱ्या अर्जापुढे आठवडाभर बसून जे तोंडातून निघालं नाही, ते तिथे कसं निघणार?

आणि जे तुला ‘लिहू नकोस रे, कोण बघतंय’ म्हणाले, त्यांच्यातला एक तरी आज फोन उचलतोय का बघ. या मंडळातल्या आणखी एकीचं रेफरल माझ्याकडे पडून आहे. मुलगी हुशार आहे, दोन चेकराइड राहिल्याचं तिने पहिल्याच मेलमध्ये सांगितलंय. तिचं नाव पुढे केलं की त्या बाई आता आधी माझ्याकडे बघणार, मग तिच्याकडे. याला जबाबदार तू आहेस. पुढचा अर्ज कुठेही कर, पण तारीख, परीक्षा, चूक, पुन्हा पास कधी, एवढ्या चार ओळी त्यात आधी लिही. आणि शिफारशीच्या रकान्यात माझं नाव घालू नकोस.