दवाखान्याचं उत्तर : "शुक्राणूंचा रिपोर्ट दाखवायला गेलो, डॉक्टर दहावीचं विचारत बसले"

नमस्कार. तुम्ही एक तारा देऊन लिहिलंय की अर्धा तास दहावी-बारावी, वसतिगृह, झोप, घरात खाल्लेला मार याच्या चौकशीत गेला, तोही बायकोसमोर. औषध एकही दिलं नाही आणि 'तीन महिन्यांनी परत तपासू' म्हणून बोळवण केली. तो डॉक्टर मीच, दवाखानाही माझाच. तुमच्या रिपोर्टमधलं एक अक्षरही मी इथे लिहिणार नाही.

आधी माझी चूक. लहानपणी मार खाल्ला का, हे कुणालाही बायकोसमोर विचारायचं नसतं. मी विचारलं. तुम्हाला अपमान वाटला तो रास्तच आहे, मनापासून माफी मागतो. आता नवऱ्याशी आधी एकट्याने बोलतो, मग दोघांशी.

प्रश्न मात्र विचारावेच लागतात. वृषणात शुक्राणूंना पोसणाऱ्या सर्टोली पेशींची संख्या वयात येईपर्यंत वाढते, पुढे ती जवळपास तेवढीच राहते. सोलापूरच्या माणसाला मागाच्या भाषेत सांगतो : शेडमध्ये माग किती बसणार हे त्या वयापर्यंत ठरून जातं, नंतर ते नीट चालवणं एवढंच उरतं. वयात आल्यावर गालगुंड झाले आणि वृषणाला सूज आली, तर त्याचा परिणाम कायमचा राहू शकतो. ताणाचं काम याहून हळू चालतं. तो महिनोन्‌महिने राहिला की कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, चढं राहू शकतं, मेंदूकडून वृषणाला जाणारा संदेश मंदावू शकतो आणि टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, उतरू शकतं.

२०१३ साली अमेरिकेत ट्रेसी बेल यांच्या गटाने नर उंदरांना काही आठवडे ताणात ठेवलं. काहींना वयात येताना, काहींना मोठेपणी. दोन्हींच्या शुक्राणूंतले काही सूक्ष्म आरएनए (जनुकांचं काम कमी-जास्त करणारे छोटे रेणू) बदलले होते, आणि त्यांच्या पिल्लांचं शरीर ताणाला वेगळा प्रतिसाद देत होतं. उंदरांचं माणसाला जसंच्या तसं लावता येत नाही, म्हणून 'तुमच्या बारावीमुळे असं झालं' असं मी कुणालाच सांगत नाही. पण माणसांवरचंही एक उदाहरण आहे. शिकागोत १० निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घसरलं. हा अभ्यास २०११ चा.

आणि ताण एकटा येत नाही. अभ्यासाला जागायचं म्हणून सोळाव्या वर्षी तोंडात गेलेला मावा तिशीतही सुटलेला नसतो, हे मी आपल्या गावात फार पाहतो. तंबाखूने शुक्राणूंची संख्या आणि हालचाल दोन्ही कमी होतात. परीक्षा कधीच संपलेली असते, सवय तशीच राहते. ते मला दहावीचं विचारल्याशिवाय कळत नाही.

आता तीन महिन्यांचं. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणजे आजचा नमुना मागच्या दिवसांचा हिशेब सांगतो. शिवाय एकाच माणसाचे दोन नमुने बरेच वेगळे येतात. एका मिलिलिटर वीर्यात १ कोटी ६० लाख शुक्राणू, हा जागतिक आरोग्य संघटनेचा खालच्या मर्यादेचा आकडा पास-नापासची रेषा नव्हे. ज्यांच्या बायकोला प्रयत्न सुरू केल्यापासून वर्षभरात दिवस गेले, अशा पुरुषांतही सुमारे ५ टक्के त्याच्या खाली असतात. एका रिपोर्टवर औषध लिहून दिलं असतं तर तुम्ही समाधानाने गेला असता, पण ते मला पटत नाही. काही ठिकाणी 'ताकदीचं' म्हणून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन देतात, त्याने शुक्राणू वाढत नाहीत, उलट कमी होतात. असं इंजेक्शन कुणी सुचवलं तर कृपया घेऊ नका.

पुढच्या भेटीची फी घेणार नाही. शनिवारी दुपारी गर्दी नसते, तेव्हा एकटे या. आणि मागच्या भेटीत वहिनींना अवघडल्यासारखं झालं असेल, तर त्यांनाही माझी माफी सांगा.